एकाच नावाचा ठराव : सरचिटणीसपदाच्या वादामागे काय आहे

आंतरराष्ट्रीय संस्थांचा कारभार लोकांपुढे उघडा व्हावा, ही नागरी संघटनांची मागणी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेइतकीच जुनी. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सनदेचा मसुदा घडत होता, तेव्हा अमेरिकी सरकारने आपल्याकडच्या ४२ संघटनांना सल्लागार म्हणून बोलावले होते. त्यांच्या खटपटीचा वाटा असलेले कलम ७१ बिगर-सरकारी संघटनांशी ‘सल्लामसलत’ करण्याची मुभा देते. मुभा फक्त, मताधिकार नाही. शिवाय कोणाला आत घ्यायचे याची चाळणी १९ देशांची समिती लावते. २००८ मध्ये आलेला एक अर्ज या समितीने प्रश्नामागून प्रश्न विचारत टांगून ठेवला. तो मंजूर झाला २०२२ च्या डिसेंबरात, तोही समितीला डावलून, वरच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत मतदान घेऊन.

नव्वदच्या दशकात चळवळींचा रोख जागतिक बँक आणि नाणेनिधीकडे वळला. सरदार सरोवराच्या वादानंतर १९९३ मध्ये बँकेला स्वतःच्या कर्जप्रकल्पांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे तपासणी मंडळ नेमावे लागले. १९९८ मध्ये रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला, त्यातही संघटनांच्या आघाडीचा हात मोठा होता. मात्र संयुक्त राष्ट्रांचा प्रमुख, म्हणजे सरचिटणीस, कसा ठरतो, या प्रश्नाभोवती मोठी मोहीम उभी राहायला २०१४ साल उजाडले. सुरक्षा परिषदेने एकच नाव न पाठवता एकापेक्षा अधिक नावे पाठवावीत, ही तिची एक मागणी.

वादाचे मूळ सनदेत नाही, हे बऱ्याचदा विसरले जाते. कलम ९७ एवढेच सांगते की, सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवरून सर्व सदस्य देशांची आमसभा सरचिटणीसाची नेमणूक करील. शिफारस एका नावाची की तिघांची, याबद्दल सनद गप्प आहे. ही रिकामी जागा भरली ती आमसभेने स्वतःच, २४ जानेवारी १९४६ च्या ठरावाने. परिषदेने एकच नाव पाठवणे ‘इष्ट’ आहे आणि त्या नावावर आमसभेत चर्चा टाळावी, असे तो म्हणतो. पाच वर्षांची मुदत आणि फेरनेमणुकीची सोयही त्यातच आहे. कारण तसे समजण्याजोगे होते : सगळ्यांना चालेल अशा माणसाची निवड मतांच्या झुंजीत कलुषित होऊ नये. पण ‘इष्ट’ हा शब्द सक्तीचा नव्हे. तरी तो दगडावरची रेघ असल्यासारखा पाळला गेला आणि निवड प्रत्यक्षात सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकार असलेल्या पाच कायम सदस्यांच्या हाती गेली. ज्या सभेने निवडायचे, तिनेच आपला निवडीचा हक्क सोडून दिला! ठरावातल्या त्या एका वाक्याची किंमत नकाराधिकाराच्या चर्चेत नेहमी कमी लेखली जाते.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९८१ मध्ये तेव्हाच्या सरचिटणीसाला तिसऱ्यांदा निवडून यायचे होते. चीनने १६ फेऱ्यांत त्याला अडवले आणि अमेरिकेने प्रतिस्पर्ध्याला. पद अखेर तिसऱ्याच माणसाकडे गेले. १९९६ मध्ये परिषदेतल्या १५ पैकी १४ मते मिळूनही पदावरच्या माणसाची दुसरी मुदत अमेरिकेच्या एका मताने हुकली. फेरनिवडीची आशा हीच पाच देशांची वेसण, म्हणून मोहिमेने दुसरी मागणी जोडली : सात वर्षांची एकच मुदत.

सप्टेंबर २०१५ मध्ये आमसभेने या निवडीबद्दल ठराव केला, डिसेंबरात आमसभा आणि सुरक्षा परिषद यांच्या अध्यक्षांचे संयुक्त पत्र सर्व देशांना गेले आणि उमेदवारांची नावे पहिल्यांदाच जाहीर यादीत आली. एप्रिल २०१६ पासून उमेदवार आमसभेपुढे बसून उत्तरे देऊ लागले. ते कोणालाही पडद्यावर पाहता येत होते. एकूण १३ जण उतरले, त्यांत ७ महिला. मोहिमेचे हे यश निर्विवाद आहे. एकापेक्षा अधिक नावे आणि एकच मुदत या दोन्ही मागण्यांना मात्र ठरावात जागा मिळाली नाही.

पुढचा भाग जुन्याच वळणाने गेला. जुलैपासून परिषदेत बंद दाराआड चाचणी-मतदान सुरू झाले. प्रत्येक नावापुढे तीनच पर्याय : प्रोत्साहन, निरुत्साह, मत नाही. आकडे अधिकृतपणे जाहीर व्हायचे नाहीत. फुटायचे मात्र काही मिनिटांत. (गुप्ततेचा एवढा आग्रह, आणि राखणदारच दवंडी पिटणारे.) ५ ऑक्टोबरच्या सहाव्या फेरीत कायम सदस्यांना वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या दिल्या, म्हणजे नकार नेमका कुठून येतो ते कळावे. आघाडीवरच्या उमेदवाराला १३ प्रोत्साहने मिळाली, निरुत्साह एकही नाही. १३ ऑक्टोबरला आमसभेने टाळ्यांच्या गजरात शिक्कामोर्तब केले. तिच्यापुढे नाव एकच होते.

त्यानंतरच्या सुधारणा कडेकडेने झाल्या. एप्रिल २०२२ पासून परिषदेत कोणी नकाराधिकार वापरला की दहा कामकाजी दिवसांत आमसभा त्यावर चर्चेला बसते. नकार रद्द होत नाही, त्याची जाहीर चर्चा तेवढी होते. विद्यमान सरचिटणीसाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. नव्या निवडीचे संयुक्त पत्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. महिलांची नावे सुचवण्याचा देशांनी विचार करावा आणि उमेदवारांनी प्रचाराचा पैसा कुठून येतो ते सांगावे, असे त्यात म्हटले आहे. महिला सरचिटणीस या पदावर आजवर एकदाही आलेली नाही.