हात बसेपर्यंत : आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी उन्हाळी पाककला शिबिर, सांगली

पहिल्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली, ती आधी सांगतो. दहा दिवसांत तीस पदार्थ असं शिबिर आम्ही ठेवलं होतं. मुलं वहीत कृती उतरवून घ्यायची, फोटो काढायची, डबा भरून खुशीत घरी जायची. जूनमध्ये एका आईंचा फोन आला. दोघं नवराबायको लग्नासाठी गावी गेले होते. घरात पीठ, डाळ, तांदूळ सगळं होतं, आणि लेक बिस्किटं खाऊन झोपली. त्या बोलल्या अगदी शांतपणे, पण आमच्या मनाला ते लागलं. त्या मुलीला आम्ही मंचुरियन शिकवलं होतं. कुकर लावायला शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून दहा दिवसांत दहाच गोष्टी शिकवतो, पण हात बसेपर्यंत. वरण-भात, पिठलं, मोड आलेल्या मटकीची उसळ, पोळी, भरलं वांगं, कोशिंबीर, पोहे, श्रीखंड, कांदा-लसूण चटणी आणि भाकरी. भाकरी रोज, बाकीचं प्रत्येक किमान दोनदा. पहिल्या वेळी आम्ही शेजारी उभे असतो, पुढच्या वेळी हात मागे बांधून लांब. बिघडलं तर बिघडू देतो, आणि का बिघडलं ते त्याच ओट्यावर, त्याच वेळी बघतो.

भाकरी रोज का?

कारण भाकरीत स्वयंपाकाचं निम्मं शास्त्र आहे आणि ते हाताला कळतं. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, म्हणून ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही. मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून पहिल्या दिवशी दोन्ही पिठांचे गोळे नळाखाली धुवायला देतो. कणकेतलं पांढरं पाणी निघून गेलं की हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. शाळूच्या पिठाचं सगळंच वाहून जातं, हात रिकामा. मग उकळतं पाणी का लागतं ते आपोआप कळतं. त्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच भाकरी धरून ठेवतो. आपल्याकडे पिठाच्या ह्या चिकटपणाला विरी म्हणतात. दळण जुनं झालं की विरी जाते, कडेनं चिरा पडतात. तेव्हा उकड थोडी जास्त घ्यायची.

थापताना बहुतेकांचा हात एकाच ठिकाणी चुकतो. जोर मध्यावर पडतो, कड जाड राहते. बोटांची टोकं कडेकडेनं चालली पाहिजेत आणि भाकरी परातीत फिरत राहिली पाहिजे. खाली पीठ कमी पडलं की ती जागीच चिकटते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकत आलं की उलटायची. पूर्ण वाळू दिलं तर वरचा पापुद्रा तडकतो, वाफ तिथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. हे दोन-चार सेकंदांचं गणित वहीत उतरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणाची तरी पहिली भाकरी टम्म फुगते, आणि अख्खा ओटा काम थांबवून तिकडे बघतो. तो क्षण आम्हाला दरवर्षी नवा वाटतो.

गावातलं, आपल्या हाताखालचं

सांगलीत राहून हळद फक्त पाकिटातली माहीत असावी, हे आम्हाला बरं वाटत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधी 2016 मध्ये. एक सकाळ मुलांना मार्केट यार्डात नेतो आणि हळकुंड हातात देतो. ते मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा. शेतातून काढलेली हळद शिजवावी लागते, वाळवावी लागते, मग घासून पॉलिश करतात, हे त्यांना तिथं कळतं. जवळच हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायला जमिनीत पेवं खोदलेली असत. आजीआजोबांना विचारा, त्यांच्याकडे पेवांच्या गोष्टी असतील.

परत आल्यावर एक छोटा प्रयोग करतो. पांढऱ्या फडक्यावर हळदीचं बोट ओढायचं आणि वर साबणाचं पाणी सोडायचं. पिवळा डाग लालसर होतो. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. साबण अल्कली, लिंबू आम्ल. कुंकू हळदीला चुना लावून करायचे, ते ह्याच गुणावर. आठवीतला मुलगा हे घरी जाऊन आजीला करून दाखवतो, तेव्हा त्याचं रसायनशास्त्र पुस्तकाबाहेर आलेलं असतं.

बाजारहाट मुलंच करतात. मंडईत भाजी निवडायची, गणपती पेठेत किराणा घ्यायचा, हिशोब लिहायचा. कृष्णाकाठच्या वांग्याचं कौतुक आपण सगळेच करतो, पण मे महिन्यात बिया धरलेली वांगीही गळ्यात पडतात. एकाच आकाराची दोन वांगी दोन हातांत घ्यायची आणि हलकं लागेल ते निवडायचं, देठ हिरवा आणि ताजा बघून.

उन्हाळा हा चटणीचाही हंगाम. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. मिरची मुलं निवडतात, मसाले आम्ही त्यांच्यासमोर मंद आचेवर भाजतो, खोबरं आणि कांदा वेगळा, तीळ वेगळे, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. एकत्र भाजलं की तीळ करपतात आणि खोबरं कच्चं राहतं. कुटायला डंकावर नेतो. जाताना नाकाला रुमाल बांधायचा, आणि मिरचीचा हात डोळ्याला लावायचा नाही. सांगूनही दरवर्षी कुणीतरी लावतंच.

सुरी, विस्तव आणि गॅस

ह्या भागावर आम्ही हट्टी आहोत. पहिल्या दिवशी गॅस पेटवायच्या आधी गॅसची माहिती होते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळला तर खाली जमिनीलगत साठतो. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदसुद्धा करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि बाहेरून 1906 ला फोन. मुलांकडून हे रोज वदवून घेतो.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण 20 मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदसुद्धा नाही. घरीही हाच नियम ठेवा ही विनंती, कारण आमच्याकडे शिकलेलं घरी मोडलं की मुलं गोंधळतात.

सुरी धारदारच देतो. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोरातच ती घसरते. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवलेली, पातं पेरांना टेकून चालणार. विळी वापरायची असेल तर तीही शिकवतो, बसायची सवय असेल त्यांनाच.

शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात किती वेळ बाहेर चालतं, हा प्रश्न पालकच जास्त विचारतात. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस ह्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. दोन तासांच्या वर अन्न बाहेर ठेवू नये, आणि खोलीच 32 अंशांच्या वर तापली असेल तर तासाच्या आत खावं किंवा फ्रिजमध्ये जावं. मे महिन्यात सांगलीत दुपारी काय तापमान असतं ते तुम्हाला माहीत आहे. भाताची जास्त काळजी घ्या, शिळा भात पुन्हा गरम केला तरी बाधू शकतो. म्हणून आमच्याकडचं जेवण मुलं तिथंच, शिजल्या शिजल्या, पंगत मांडून खातात. डबे घरी पाठवत नाही.

तुम्ही नेहमी विचारता ते

पिझ्झा शिकवणार का? नाही. दहा गोष्टींच्या यादीबाहेर एक दिवस यीस्टचं पीठ मळून पाव भाजतो, आणि ज्याला तो जमला त्याला पिझ्झा अवघड नाही.

मुलगे येतात का? येतात, आणि यावेत. पुढच्या दोन-चार वर्षांत शिकायला पुण्याला किंवा आणखी लांब जाणार, खोली घेऊन राहणार. पोट मुलाचंही असतंच.

भांडी कोण घासतं? मुलंच, पाळीपाळीनं. ओटा पुसून कोरडा झाल्याशिवाय शिबिराचा दिवस संपत नाही.

पुढं ह्यात शिक्षण आहे का? आहे. बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन सरकारी हॉटेल व्यवस्थापन संस्थांत तीन वर्षांच्या पदवीला जाता येतं. शाखा कुठलीही चालते, इंग्रजी विषय लागतो. इच्छा असलेल्यांशी शेवटच्या दिवशी वेगळं बोलतो. पण दहा दिवसांत कुणी शेफ होत नाही, तसं आम्ही सांगणारही नाही.

येण्याआधी

जागा विश्रामबागेत. तुकडी बारा जणांची, सहा शेगड्या, एका शेगडीवर दोघं. ह्यापेक्षा जास्त घेत नाही, नाव उशिरा आलं तर पुढच्या तुकडीत. वेळ सकाळी साडेसात ते अकरा, ऊन चढायच्या आत. फी 4,500 रुपये. त्यात सगळं सामान, बाजाराचा प्रवास आणि रोजचं जेवण आलं. पहिल्या दोन दिवसांत मुलाला नाही रमलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत देतो. सगळं शाकाहारी.

शेंगदाणे, तीळ, दूध, गहू, ह्यांतलं काही मुलाला सोसत नसेल तर नाव घालतानाच लिहून द्या. "थोडंसंच होतं" म्हणून गाळू नका.

कपडे सुती, बाह्या कोपरापर्यंत, ओढणी किंवा सैल जॅकेट नको. पायात बंद बूट, गरम तेल सांडतं ते पायावरच. लांब केस बांधलेले, नखं कापलेली. मोबाइल दाराजवळच्या डब्यात राहील, अकरा वाजता परत मिळेल.

दहाव्या दिवशी मुलं तुमच्यासाठी जेवण करतात. साडेदहाला या, पाटावर बसा आणि स्वयंपाकघरात डोकावू नका. आतून भांडं पडल्याचा आवाज येईल, कुणी मोठ्यानं "मीठ घातलंस का?" विचारेल, तरी बसून राहा. भाकरी पहिल्यांदा आजीच्या ताटात वाढली जाते, तेव्हा आजीला नक्की घेऊन या.

पहिल्या दिवशी मुलाबरोबर फक्त दोन गोष्टी पाठवा. भांडं धरायला एक जुना मऊ सुती पंचा, आणि घरात भाकरीसाठी वापरता ती परात, आमची नवी नको. सराव ज्या परातीत होईल तीच घरी परत आलेली बरी.