रोबोसाहाय्यित नेत्रशस्त्रक्रियेचे प्रशिक्षण

डोळ्याच्या आतील शस्त्रक्रिया रोबोच्या मदतीने करता यावी म्हणून नेत्रशल्यविशारदांना सिम्युलेटरवर (शस्त्रक्रियेचा आभासी सराव देणाऱ्या यंत्रावर) तयार करण्याची पद्धत. तिचे मुख्य क्षेत्र दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) शस्त्रक्रिया हे होय.

उगमाबाबत एकवाक्यता नाही. काही अभ्यासक गेरुआद व विदाल यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या ‘एसएमओएस’ या दूरनियंत्रित यंत्रणेपासून सुरुवात मानतात. मात्र तिचा रोख उपकरणावर होता, शिकवण्यावर नव्हता. इयन हंटर व सहकाऱ्यांच्या १९९३ मधील आराखड्यात शल्यविशारदाची हालचाल लहान करून डोळ्यापर्यंत पोचवणारा रोबो होता आणि त्याच्या जोडीला डोळ्याच्या यांत्रिक व प्रकाशीय गुणधर्मांचे संगणकीय प्रारूपही होते. त्यामुळे प्रशिक्षणाचा प्रारंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट मॅक्लारेन यांनी २०१६ मध्ये ‘प्रिसाइज’ रोबोने माणसाच्या डोळ्याच्या आत शस्त्रक्रिया केली, ती या प्रकारची पहिली मानली जाते.

रोबोची गरज मोजमापांवरून कळते. हाताचा नैसर्गिक कंप सुमारे १०० मायक्रोमीटरच्या घरात असतो, तर दृष्टिपटलावरून सोलून काढायचे आंतरसीमापटल जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटर जाडीचे असते. बळाचा प्रश्न याहून अवघड आहे. १९९९ मधील एका मापनात दृष्टिपटलावर पडणारी सुमारे तीन-चतुर्थांश बळे ७.५ मिलिन्यूटनपेक्षा कमी आढळली आणि त्या पातळीवरच्या फारच थोड्या घटना शल्यविशारदाच्या बोटांना जाणवल्या. म्हणजे स्पर्शाने जे कळत नाही, ते नजरेने ओळखायला शिकणे हा प्रशिक्षणाचा गाभा ठरतो. कंप रोबो गाळून टाकतो. निर्णय गाळत नाही.

रोबोंचे दोन प्रमुख प्रकार आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील यंत्रणेत शल्यविशारद आणि रोबो एकच उपकरण धरतात, तर ‘प्रिसाइज’मध्ये हात नियंत्रकदांड्यावर असतो. पहिल्यात जुनी हस्तसवय बरीचशी चालते, दुसऱ्यात ती नव्याने बसवावी लागते. रोबोची भुजा डोळ्यावरील छेदाच्या बिंदूशी नेमकी जुळवणे, उपकरणाच्या टोकाच्या खोलीची मर्यादा आखणे आणि भूल स्थानिक असताना रुग्णाने डोके हलवलेच तर उपकरण तत्काळ मागे घेणे, हे सारे मुद्दाम घोटून घ्यावे लागते.

‘आयसी’ सिम्युलेटरवर शिकाऊ डॉक्टर कृत्रिम डोक्यापाशी बसून सूक्ष्मदर्शकातून पाहतो, पायाखाली पेडल असतात. दृष्टिपटलाला धक्का न लावता उपकरणाचे टोक एका छोट्या गोलात, त्याचा रंग बदलेपर्यंत, स्थिर ठेवायचे असते. सरावात दृष्टिपटलाला झालेला प्रत्येक स्पर्श नोंदला जातो. कोपनहेगनमधील संशोधकांनी याच सिम्युलेटरला ‘प्रिसाइज’ जोडून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रोबोमुळे अचूकता वाढली, वेळ मात्र जास्त लागला.

शिकाऊंच्या मूल्यमापनात वापरली जाणारी कृत्रिम ‘बुद्धिमत्ता’ म्हणजे बहुधा यंत्र-अध्ययन (मशीन लर्निंग) : चित्रफितीतून शस्त्रक्रियेचा टप्पा ओळखणे, टोकाचा मार्ग आणि थबकणे मोजणे. अशा आज्ञावल्यांना अनुभवी परीक्षकांच्या गुणांकनावर शिकवतात, त्यामुळे परीक्षकांतले मतभेदही त्यांत उतरतात. शिकणारा गुण मिळवण्याची युक्ती शिकला की ऊती हाताळायला शिकला, हे केवळ आकड्यावरून ठरवता येत नाही. सिम्युलेटरच्या सरावाने प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत गुंतागुंत घटते याचा भक्कम पुरावा प्रामुख्याने हाताने केलेल्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेबाबत आहे : ब्रिटनमधील २०२० च्या अभ्यासात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊंकडून भिंगाचे मागील आवरण फाटण्याचे प्रमाण ४.२ वरून २.६ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष रोबोला जसाच्या तसा लावू नये.