शिडाच्या नौकेवरील शौचकूप आणि त्याचे वंगण : पार्श्वभूमी

शिडाच्या छोट्या नौकेवरील शौचकुपाची देखभाल म्हणजे प्रामुख्याने त्याच्या हातपंपाची निगा. पंपाचा दट्ट्या कोरडा पडला की दांडा जड जातो, ओढताना कुरकुरतो आणि अखेरीस वॉशर झिजून पाणी नको तेथे झिरपू लागते. त्यावर भांड्यात थोडे खाद्यतेल ओतून पंप काही वेळा चालवायचा, हा उपाय अनेक देशांतील नौकाधारक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आजच्या पंपांना तो पुरेसा का पडत नाही, हे उमजण्यासाठी पंपाच्या आतले साहित्य कसकसे बदलत गेले ते पाहावे लागते.

मोठ्या शिडाच्या जहाजांवर कित्येक शतके असा पंपच नव्हता. खलाशांची सोय अगदी पुढच्या टोकाला, नाळेपाशी, उघड्यावर केलेली असे. शिडांत भरणारा वारा बहुतेक वेळा मागून किंवा बाजूने येत असल्यामुळे दुर्गंधी जहाजावर न पसरता पुढे निघून जाई आणि नाळेवर उसळणाऱ्या लाटा तेथील जाळीदार फळ्या धुऊन काढत. अधिकाऱ्यांसाठी मागच्या बाजूला आडोशाच्या जागा असत. अरबी समुद्रातील ढाव या पारंपरिक शिडाच्या जहाजांवर याच कामासाठी मागच्या टोकाला एक लाकडी पेटी बाहेर टांगलेली असे. या सर्व व्यवस्थांत घाण थेट समुद्रात पडत असे. हलणारा भाग एकही नसल्याने वंगणाची गरजच उद्भवत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात हौशी नौकानयन वाढले आणि छोट्या नौकांत बंद खोलीतील शौचकूप बसू लागले, तेव्हा हे चित्र पालटले. अशा नौकेत भांडे बहुधा पाण्याच्या पातळीलगत किंवा तिच्याही खाली येते. त्यामुळे घाण आपोआप बाहेर पडत नाही, उलट वाट मिळाल्यास समुद्रच आत येतो. आतले बाहेर ढकलणारा पंप आणि बाहेरचे आत येऊ न देणाऱ्या झडपा, दोन्ही अपरिहार्य झाले. इंग्लंडमधील गॉस्पोर्टच्या ब्लेक कंपनीचे, काशाचा पंप आणि चिनी मातीचे भांडे असलेले ‘बेबी ब्लेक’ हे या घडणीचे नावाजलेले उदाहरण आहे.

या पंपामागची दोन तत्त्वे जोसेफ ब्रामा या एकाच इंग्रज कारागिराच्या कामात भेटतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याने 1778 मध्ये बिजागरीच्या झडपेच्या शौचकुपाचे पेटंट घेतले आणि 1795 मध्ये द्रवदाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे. त्या दाबयंत्राच्या दट्ट्याभोवतीची गळती थांबेना, तेव्हा त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लीने वाटीच्या आकाराचे चामड्याचे वॉशर वापरले. पाण्याचा दाब वाढेल तशी त्या वाटीची कड नळकांड्याला अधिकच घट्ट चिकटते. पुढे हातपंपांतील चामड्याचे वॉशर याच तत्त्वावर चालत राहिले.

चामडे मऊ असेल तोवरच हे तत्त्व काम करते. सुकले की ते आक्रसते, ताठरते आणि दाब धरत नाही. मोटेच्या चामड्याला तेल पाजणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागले नसते. म्हणून अशा वॉशरांना चरबी किंवा गुरांच्या खुरांपासून काढलेले तेल चोळले जाई. चामडे ते शोषून घेई आणि हळूहळू सोडत राही. भांड्यात तेल ओतण्याचा आजचा प्रघात या काळाचाच वारसा आहे, असे माझे मत आहे.

1930 च्या दशकात जर्मनीत तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर तयार झाले. त्याच दशकात नील्स क्रिस्टेन्सन या मूळच्या डॅनिश तंत्रज्ञाने अमेरिकेत ओ-रिंगचे, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल रबरी कड्याचे, पेटंट घेतले. कालांतराने पंपांतील चामड्याची जागा रबराने घेतली आणि इथेच वंगणाचे गणित बदलले. रबर तेल साठवून ठेवत नाही. ओतलेले तेल काही दिवसांत धुऊन जाते. शिवाय सगळी रबरे सारखी नसतात. नायट्राइल खनिज तेल सहन करते, पण नैसर्गिक रबर आणि इपीडीएम हे कृत्रिम रबर त्याने फुगतात. सिलिकोन ग्रीस या तिन्हींना चालते आणि पाण्याने सहज निघत नाही, म्हणून पंप उघडून नळकांड्याच्या आतून त्याचा पातळ थर देणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. भांडी घासण्याचा साबण मात्र वंगण धुऊन काढतो, त्यामुळे तो शौचकुपात ओतणे टाळलेलेच बरे.

दांडा जड जाण्याचे कारण नेहमी कोरडेपणाच असते असेही नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम आणि 0.4 ग्रॅम कॅल्शियम असते. लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार झाला की पाणी अल्कधर्मी बनते आणि हे क्षार नळ्यांत व झडपांवर दगडासारखे साचतात. 38 मिलिमीटरची बाहेर जाणारी नळी त्यामुळे आतून अरुंद होत जाते आणि पंपावरचा भार वाढतो. तेलाचा यावर काहीच परिणाम होत नाही. येथे व्हिनेगरसारखे सौम्य आम्लच उपयोगी पडते. साचलेला थर काढल्याखेरीज दिलेले ग्रीस जवळजवळ वाया जाते.

कायद्यानेही देखभालीत भर घातली. अमेरिकेच्या 1972 च्या जलप्रदूषणविषयक कायद्यानुसार शौचकुपांच्या यंत्रणेवर बंधने आली आणि 1980 पासून ती जुन्या नौकांनाही लागू झाली. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्याच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे सांडपाण्याविषयीचे चौथे परिशिष्ट 27 सप्टेंबर 2003 रोजी अमलात आले. पण ते 400 टन किंवा त्याहून मोठ्या, अथवा 15 पेक्षा अधिक माणसे नेणाऱ्या जहाजांसाठी असल्याने छोट्या नौका ज्या त्या देशाच्या नियमांवर अवलंबून राहिल्या. किनाऱ्यालगत घाण सोडता येईना, म्हणून अनेक नौकांत साठवण टाकी बसली. टाकी लवकर भरू नये म्हणून लोक पाणी जपून वापरू लागले, नळ्या नीट धुतल्या जाईनात आणि क्षार अधिक साचू लागले. भांड्यात ओतलेले तेलही आता समुद्रात न जाता टाकीतच तरंगत राहते.

दट्ट्याच नको, या विचारातून ‘लव्हॅक’सारखे निर्वात पद्धतीचे शौचकूप पुढे आले. त्यात झाकण घट्ट बसते आणि लवचीक पडद्याचा पंप भांड्यातील हवा व घाण ओढून घेताना समुद्राचे पाणी आपोआप आत येते; नळकांड्यात घासणारा भाग नसल्याने वंगणाचा प्रश्न बराचसा मिटतो. सीकॉकची, म्हणजे नौकेच्या तळातून समुद्राकडे जाणारी वाट बंद-उघड करणाऱ्या तोटीची, काळजी मात्र तेथेही सुटत नाही. ब्लेकच्या शंकूच्या आकाराच्या काशाच्या सीकॉकला वर्षातून एकदा, नौका पाण्याबाहेर असताना, उघडून पाण्यात न विरघळणारे ग्रीस द्यावेच लागते.