रिकाम्या भांड्यापासून गाउसच्या नियमापर्यंत

बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण विद्युत फ्लक्स (म्हणजे पृष्ठभागाला भेदून जाणाऱ्या विद्युतक्षेत्राचं माप) मोजा, त्याला एप्सिलॉन-शून्यने, म्हणजे निर्वाताच्या एका ठरलेल्या स्थिरांकाने गुणा, की आतला निव्वळ प्रभार मिळतो. फ्लक्स १००० न्यूटन-वर्गमीटर प्रति कूलोम असेल, तर आत सुमारे ८.८५ नॅनोकूलोम प्रभार आहे. पृष्ठभागाचा आकार कसाही असो. पाठ्यपुस्तकात हा जर्मन गणितज्ञ गाउसचा नियम दोन ओळींत संपतो. त्यामुळे तो गाउसच्या लेखणीतून एका बैठकीत उतरला असावा असं वाटतं. पण त्याची सुरुवात गाउसच्या जन्माआधी, जिथे काहीच घडलं नाही अशा एका प्रयोगात झाली होती.

१७५५ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने प्रभारित केलेल्या चांदीच्या भांड्यात रेशमी दोऱ्याने बुचाचा छोटा गोळा सोडला. भांड्याच्या बाहेर हाच गोळा भिंतीकडे ओढला गेला असता. आत मात्र तो कुठेच झुकला नाही. तळाला टेकवून बाहेर काढला, तरी त्यावर प्रभार आलेला नव्हता. याचं कारण मला ठाऊक नाही, असं त्याने पत्रात सरळ लिहिलं.

कारण सुचलं जोसेफ प्रीस्टलीला. फ्रँकलिनच्या सांगण्यावरून त्याने १७६६ मध्ये प्रयोग पुन्हा केला आणि पुढच्या वर्षी छापलेल्या ग्रंथात त्याची सांगड न्यूटनशी घातली. पोकळ गोलाच्या आत त्या कवचाचं गुरुत्वाकर्षण शून्य असतं, हे न्यूटनने १६८७ मध्येच सिद्ध केलं होतं. आतल्या एका बिंदूतून समोरासमोर दोन निमुळते शंकू काढा. दूरच्या बाजूला शंकूत सापडणारा कवचाचा तुकडा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मोठा होतो, आणि बल त्याच प्रमाणात क्षीण होतं. दोन्ही बाजू बरोबर फिटतात. म्हणजे विजेचं बलही व्यस्त वर्गाचा नियम पाळत असणार, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असणार, असा प्रीस्टलीचा तर्क. माझ्या मते गाउसच्या नियमाचा प्राण इथेच आहे. वर्गाऐवजी घातांक जरासा वेगळा असता, तर फ्लक्सवरून आतला प्रभार सांगताच आला नसता.

हेन्री कॅव्हेंडिशने १७७२-७३ च्या सुमारास एका गोलाभोवती दोन अर्धगोल बसवून हाच घातांक तपासला. तो २ पासून एक पन्नासांशाहून जास्त ढळत नाही, इतकं त्याने दाखवलं. पण छापलं नाही. ते कागद भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर श्रेय कूलोमच्या १७८५ च्या मोजमापांकडे गेलं होतं, आणि तेही रास्तच होतं.

गाउस या विषयाकडे आला तो गुरुत्वाकर्षणाच्या वाटेने. १८१३ च्या लेखात त्याचा विषय लंबगोलाकार वस्तूंचं आकर्षण हा होता. १८३९-४० च्या प्रबंधात त्याने व्यस्त वर्गाने चालणाऱ्या सगळ्याच बलांचा एकत्र विचार केला. बंद पृष्ठभागावरच्या लंब घटकांची बेरीज आतल्या वस्तुमानाच्या ४π पट येते, हे त्याने तिथे मांडलं. ‘फ्लक्स’ ही कल्पना मात्र त्यात नाही.

ती आली मायकेल फॅरेडेच्या बलरेषांमधून. फॅरेडेचं गणिताचं शिक्षण जवळजवळ नव्हतंच, तरी १८४३ च्या त्याच्या प्रयोगात हा नियम डोळ्यांना दिसतो. बर्फ ठेवायची एक धातूची बादली त्याने जमिनीपासून विलग ठेवली आणि तिची बाहेरची बाजू सोन्याच्या पानांच्या विद्युतदर्शीला, म्हणजे प्रभार दाखवणाऱ्या उपकरणाला जोडली. प्रभारित पितळी गोळा दोऱ्याने आत खोल सोडला, तशी पानं फाकली. मग गोळा इकडेतिकडे हलवला, तरी पानं तेवढीच फाकलेली. शेवटी गोळा तळाला टेकवला. त्याचा प्रभार पूर्ण निघून गेला आणि पानं तरीही तसूभर हलली नाहीत. आत किती प्रभार आहे हे बाहेरून कळत होतं. तो आत कुठे आहे, याने काही फरक पडत नव्हता.

१८५५-५६ मध्ये तरुण मॅक्सवेलने या बलरेषांना गणित दिलं. दाबता न येणारा एक काल्पनिक द्रव नळ्यांतून वाहतो आहे असं त्याने मानलं. असा द्रव मध्येच साठू किंवा आटू शकत नाही. म्हणून बंद पृष्ठभागातून जेवढा बाहेर पडतो, तेवढाच आतल्या झऱ्यांतून निघालेला असतो. प्रभार हा झरा, तर ऋण प्रभार हा द्रव गिळणारं छिद्र. दोन्ही आत असतील तर हाती येते ती फक्त त्यांची वजाबाकी. फ्लक्सवरून निव्वळ प्रभारच का कळतो, हे समजून घ्यायला याहून सोपं चित्र मला सापडलेलं नाही.

गाउसच्या सूत्रातला ४π पुढे ऑलिव्हर हेविसाइडच्या आग्रहामुळे दुसरीकडे हलला. गोलाशी नातं सांगणारी ही संख्या एकट्या बिंदूप्रभाराच्या सूत्रात शोभते, कुठल्याही आकाराच्या पृष्ठभागाच्या सूत्रात नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आज ती कूलोमच्या नियमात दिसते ती त्यामुळेच.

१९७१ मध्ये विल्यम्स, फॅलर आणि हिल यांनी कॅव्हेंडिशचाच प्रयोग एकात एक बसवलेल्या धातूच्या कवचांवर केला. बाहेरच्या कवचांना उच्च वारंवारतेचा, दहा हजार व्होल्टचा विद्युतदाब दिला आणि आत काही उमटतं का ते पाहिलं. काहीच उमटलं नाही. घातांकातला २ दशांश चिन्हानंतर पंधराव्या स्थानापर्यंत टिकला.