चांदीची राखी की जर्मन सिल्व्हरची?

तीन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला मी दादाला कड्यासारखी ‘चांदीची’ राखी बांधली. प्रदर्शनात घेतली होती, पावती मागितली नव्हती. चौथ्या दिवशी त्याचं मनगट लाल झालं, खाज सुटली. आमच्या सराफांनी ती कसोटीवर घासली, वर आम्लाचा थेंब टाकला आणि म्हणाले, “ताई, हे जर्मन सिल्व्हर आहे.” पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. दादाने ती जन्मभर जपावी म्हणून मी घेतली होती.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. साधारण 60 टक्के तांबं आणि बाकी निकेल व जस्त. चीनमधल्या अशाच एका पांढऱ्या मिश्रधातूची नक्कल 19व्या शतकात जर्मनीत झाली, म्हणून हे नाव पडलं. (आजी ज्याला ‘जर्मलचं पातेलं’ म्हणते ते ॲल्युमिनियम, त्याचा याच्याशी संबंध नाही.) अनेकांच्या कातडीला निकेल सोसत नाही. दादाच्या मनगटाला बाधलं ते हेच.

दागिन्याची चांदी बहुतेकदा 925 असते, म्हणजे 1000 भागांत 925 भाग चांदी आणि उरलेलं मुख्यतः तांबं. निव्वळ चांदी फार मऊ, रोज वापरली तर वाकते. नाणं अंगावर घालायचं नसतं, म्हणून ते 999चं चालतं.

आता ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त फसगत होते ती. वर्षभराने डबी उघडली, दागिना काळा दिसला की आपण म्हणतो, “खोटी निघाली.” उलट आहे! हवेतल्या गंधकाच्या वायूने चांदीच काळी पडते. जर्मन सिल्व्हर बराच काळ चकचकीत राहतं, मग पिवळट आणि कधी हिरवट होतं. मात्र चांदीवर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असेल तर तीही लवकर काळवंडत नाही, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका.

लोहचुंबक तर इथे उपयोगाचंच नाही. चांदी त्याला चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाही.

घरी करण्याजोगी खरी परीक्षा वजनाची. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. आधी वस्तूचं वजन घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडेला टेकणार नाही, अशी धरा. काटा जे दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. 50 ग्रॅमची भरीव वाटी 925 चांदीची असेल तर काटा 4.8च्या आसपास थांबतो आणि भागाकार 10च्या वर येतो. जर्मन सिल्व्हरची असेल तर 5.8, भागाकार साडेआठच्या जवळपास. वरून चांदीचा मुलामा दिलेली वस्तूही इथे उघडी पडते, कारण वजन आतल्या धातूचं असतं. तीन-चार ग्रॅमच्या नाजूक राखीला मात्र ही युक्ती पुरत नाही. ती सराफाकडेच न्या.

दुकानात भाव सांगण्याच्या पद्धतीवरूनही बरंच कळतं. जर्मन सिल्व्हर नगावर विकतात. चांदी सहसा वजनावर विकली जाते: त्या दिवसाचा भाव, घडणावळ, वर 3 टक्के जीएसटी. वजन दोरा आणि खडे वगळून सांगा म्हणावं. पावतीवर ‘चांदी’ आणि 925 दोन्ही लिहून घ्या. ‘सिल्व्हर फिनिश’ किंवा ‘व्हाइट मेटल’ लिहिलं असेल तर ती चांदी नव्हे. सोन्याप्रमाणे चांदीला हॉलमार्क सक्तीचा झालेला नाही, पण 1 सप्टेंबर 2025पासून हॉलमार्कच्या चांदीवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक, येऊ लागला आहे. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. असेल तर तीच वस्तू घ्या.

जर्मन सिल्व्हर वाईट नाही. ओवाळणीचं तबक किंवा हळदीकुंकवाला लुटायची वाणं त्यात छान होतात. पण भावाला ठेवणीतली म्हणून द्यायची वस्तू चांदीचीच असावी, असं माझं ठाम मत आहे. उद्या मोडीत घातली तरी तिचे पैसे येतात, आणि काळी पडली तरी पुन्हा उजळते.

उजळायला आजीचं ते जर्मलचं पातेलंच काढा. त्यात कढत पाणी, चमचाभर खायचा सोडा, आणि राखीचा चांदीचा भाग पातेल्याला टेकेल असा ठेवा. चांदीवरचं गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतं. खडे चिकटवलेले असतील किंवा नक्षीत मुद्दाम काळा रंग भरला असेल तर मात्र हे करू नका. दादाची दुसरी राखी, या वेळी 925ची, मी गेल्या भाऊबिजेला अशीच उजळून दिली. पाच मिनिटांत राखी पांढरीशुभ्र झाली, पातेल्याचा तळ काळा.