हाताने सुरू होते, बूटला नाही: सर्व्हिसच्या क्रमाची पार्श्वभूमी

लायनक्स सर्व्हर रीबूट होतो, एखादी सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) ‘फेल्ड’ दिसते आणि लॉगिन करून हाताने स्टार्ट केली की लगेच उठते. कॉन्फिगमध्ये चूक सापडत नाही, म्हणूनच ही तक्रार डोके खाते. तिचे मूळ बहुतेक वेळा क्रमात असते.

सिस्टम फाइव्हच्या इनिटमध्ये, म्हणजे बूटला सर्व्हिस सुरू करणाऱ्या जुन्या प्रोग्राममध्ये, हा क्रम फाइलच्या नावातच असे. रेड हॅटच्या जुन्या मशीनवर रनलेव्हल ३ च्या (नेटवर्कसह, ग्राफिक्सशिवाय चालण्याच्या स्थितीच्या) डिरेक्टरीत एस१०नेटवर्क, एस५५एसएसएचडी, एस८५एचटीटीपीडी (वेब सर्व्हर) अशा लिंक दिसत. आकड्याप्रमाणे एकेक स्क्रिप्ट चाले. आधीची परतल्याशिवाय पुढची सुटत नसे. एस१० डीएचसीपीच्या (आपोआप मिळणाऱ्या) पत्त्यासाठी थांबली, की मागच्या सगळ्या ताटकळत आणि एस८५ ला नेटवर्क आयते मिळे. वेब सर्व्हरला नेटवर्क लागते हे कुठे लिहिलेले नसे, ते ८५ या आकड्यात दडलेले असे.

२००६ मध्ये उबुंटू ६.१० ने अपस्टार्ट हे नवे इनिट आणले, डेबियन ६ ने २०११ मध्ये स्क्रिप्टच्या डोक्यावरच्या ‘रिक्वायर्ड-स्टार्ट’ ओळीवरून क्रम लावायला सुरुवात केली. खरी उलथापालथ सिस्टमडी या आणखी एका इनिटने केली. लेनार्ट पोटरिंग यांनी ते ३० एप्रिल २०१० रोजी जाहीर केले. फेडोरा १५ (२०११), रेड हॅट एंटरप्राइझ लायनक्स ७ (२०१४), डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ (२०१५) त्यावर गेले. आता सर्व्हिस एकाच वेळी सुटतात आणि जे सांगितलेले नाही ते गृहीत धरले जात नाही.

इथेच घोळ होतो. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘आफ्टर’ फक्त क्रम लावते, ‘वॉन्ट्स’ फक्त सोबत बोलावते. दोन्ही वेगळ्या ओळी आहेत. शिवाय टार्गेट हा बूटमधला एक टप्पा असतो, आणि ‘नेटवर्क.टार्गेट’ म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, एवढेच. पत्ता मिळालाच असे नाही. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) १९२.१६८.१.१० या ठराविक पत्त्यावर ऐकणारा असेल आणि तो पत्ता अजून इंटरफेसवर नसेल, तर बाइंड एरर ९९ (हा पत्ता घेता येत नाही) देऊन पडते. दहा सेकंदांनी तुम्ही हाताने स्टार्ट करता तेव्हा पत्ता आलेला असतो.

उपाय: ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने युनिट विभागात ‘वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ आणि ‘आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ या दोन्ही ओळी घाला. नेटवर्क मॅनेजरची वेट-ऑनलाइन (नेटवर्क येईपर्यंत थांबणारी) सर्व्हिस एनेबल आहे ना, तेही पाहा. ती बंद असेल तर टार्गेट न थांबताच पूर्ण होते. नेटवर्कडी (सिस्टमडीचाच नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल आणि दोनपैकी एका कार्डाला केबल नसेल, तर त्याची वेट-ऑनलाइन १२० सेकंद थांबून फेल होते. अशा वेळी तिला ‘एनी’ पर्याय द्या.

नुसते ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ (पडली की पुन्हा सुरू कर) लिहून भागत नाही. दोन प्रयत्नांमधला मूळ अवधी १०० मिलिसेकंद आणि मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्नांची. लगेच पडणारी सर्व्हिस ती मर्यादा सेकंदाभरात संपवते आणि मग सिस्टमडी हात टेकते. ‘रीस्टार्टसेक=५’ केले की मर्यादा गाठलीच जात नाही.

पीआयडी फाइलच्या (चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणाऱ्या फाइलच्या) तक्रारी वेगळ्या. ‘/रन’ मेमरीत असते आणि प्रत्येक बूटला रिकामे होते, त्यामुळे तिथे हाताने बनवलेली डिरेक्टरी टिकत नाही, ती दर स्टार्टला बनावी म्हणून युनिटमध्ये ‘रनटाइमडिरेक्टरी’ लिहा. डेटा वेगळ्या माउंटवर (वेगळ्या जोडलेल्या डिस्कवर) असेल तर तो आधी जोडला जावा म्हणून ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ लावा.

हात लावण्याआधी ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ला (या बूटचा जर्नल, म्हणजे सिस्टमडीचा लॉग, दाखवणाऱ्या कमांडला) सर्व्हिसचे नाव देऊन पाहा. ‘स्टोरेज=ऑटो’ सेटिंगमध्ये ‘/वार/लॉग/जर्नल’ डिरेक्टरी नसेल तर जर्नलही मेमरीतच असते आणि पुढच्या रीबूटला हा पुरावा जातो.