गुळवेलीचं कूळ आणि नायट्रोजनचा चौथा हात

गुळवेल माहीत नाही असा माणूस कोविडनंतर तरी सापडायचा नाही. तिच्याच कुळातली एक लांबची नातेवाईक ॲमेझॉनच्या जंगलात वाढते, कॉन्ड्रोडेन्ड्रॉन म्हणतात तिला, आणि तिची साल उकळून आटवून जो काळा चिकट लगदा होतो तो तिथले शिकारी फुंकनळीच्या बाणांना लावायचे. हेच ते क्युरारे. माकडं, पक्षी झाडावरून टपकायचे आणि लोक तीच शिकार शिजवून निवांत खायचे, कुणाला काही व्हायचं नाही. रक्तात गेलं की विष आणि पोटात गेलं की काही नाही, असं कसं? उत्तर एका नायट्रोजनच्या अणूत आहे, पण तिथवर पोचायला बराच काळ गेला.

1814 मध्ये चार्ल्स वॉटरटन या निसर्गअभ्यासकाने आणि इतर मंडळींनी लंडनमध्ये एका गाढविणीला क्युरारे टोचलं, ती निपचित पडली, मग गळ्याला छेद देऊन भात्याने तिच्या फुप्फुसात हवा भरत राहिले आणि बाई उठून उभी राहिली, पुढे 25 वर्षं जगली! म्हणजे विषाने ती मरत नव्हती, श्वासाचे स्नायू बंद पडल्यामुळे मरत होती. मग 1850 च्या दशकात पॅरिसला क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाने बेडकांवर दाखवलं की नस ठीक असते, स्नायूही ठीक असतो, त्याला थेट करंट दिला तर तो आखडतो, पण नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. गडबड नेमकी दोघांच्या सांध्यावर.

आता माझा आवडता भाग. 1868, एडिंबरा. क्रम ब्राउन हा केमिस्ट आणि फ्रेझर हा डॉक्टर, दोघांनी स्ट्रिक्नीन घेतलं, म्हणजे आपल्या कुचल्यातलं विष, ज्याने आचके येतात. त्यातल्या नायट्रोजनला त्यांनी एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडला, बस एवढंच, आणि आचके गायब, उलट प्राणी क्युरारे दिल्यासारखा लुळा पडला. मग ब्रुसीन, निकोटीन, मॉर्फीन, कोडीन अशी एकेक घेऊन तोच खेळ केला, मूळ औषधांचे गुण एकमेकांपासून कितीही वेगळे असले तरी मिथाइल जोडल्यावर परत क्युरारेसारखाच प्रकार. नायट्रोजनला साधारण तीन हात, चौथा जोडला की तो कायमचा प्लस चार्जवाला होतो, त्याला म्हणतात क्वाटर्नरी अमोनियम. रेणूची रचना बदलली की औषधाचा गुण बदलतो हे इतकं स्पष्ट आधी कुणी दाखवलं नव्हतं. नसेचा निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन स्वतःही क्वाटर्नरीच असतं, त्यामुळे त्याच्या खुर्चीवर ही मंडळी जाऊन बसतात, पण हा उलगडा पुढच्या शतकातला. आणि चार्ज असलेला रेणू आतड्याच्या पेशींच्या तेलकट पडद्यातून सहजी जात नाही, म्हणून शिकार खाऊन कुणी मेलं नाही.

1935 मध्ये लंडनला हॅरोल्ड किंगने म्युझियममधल्या जुन्या क्युरारेच्या नमुन्यातून शुद्ध ट्युबोक्युरारिन काढलं आणि रचना मांडली, दोन क्वाटर्नरी नायट्रोजन, एकमेकांपासून ठरावीक अंतरावर. सगळ्या केमिस्टांनी तेच धरून दोन टोकांना दोन नायट्रोजन असलेले रेणू बनवायचा सपाटा लावला. त्यातून 1948 च्या सुमारास डेकामिथोनियम हे स्नायू सैल करणारं औषध आलं, पुढे 1960 च्या दशकात स्टेरॉइडच्या सांगाड्यावरचं पॅनक्युरोनियम. आणि 1970 मध्ये कळलं की किंग चुकला होता! ट्युबोक्युरारिनमध्ये क्वाटर्नरी नायट्रोजन एकच आहे, दुसऱ्याला तीनच हात, फक्त शरीरात गेल्यावर तो प्रोटॉन पकडून चार्ज घेतो. नकाशा चुकीचा आणि गाव बरोबर सापडलं.

दरम्यान ऑपरेशन थिएटरात 23 जानेवारी 1942 ला माँट्रियलमध्ये ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या पेशंटला भुलेखाली क्युरारेचं इंजेक्शन दिलं. त्याआधी पोटाचे स्नायू सैल करायचे तर भूल धोकादायक इतकी गाढ करावी लागायची. पण क्युरारेने शुद्ध पण जाते का यावर वाद होता, तेव्हा अमेरिकेत स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने स्वतःलाच टोचून घेतलं, बोट हलत नव्हतं, श्वास दुसरेच देत होते, आणि याला मात्र सगळं ऐकू येत होतं, सगळं जाणवत होतं. 1947 ला तो पेपर आला. इथेही तोच चार्ज, मेंदूत शिरूच देत नाही. रिलॅक्सन्ट, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, म्हणजे भूल नव्हे, हे आजही खूप जणांना माहीत नसतं.

स्कोलिनची गोष्ट तर डोक्याला हात लावायची. हाही एक रिलॅक्सन्ट, खरं नाव सक्सिनिलकोलिन, म्हणजे दोन ॲसिटिलकोलिन जोडलेले. 1906 मध्येच हंट आणि टॅव्हो यांनी ते प्राण्यांना देऊन ब्लड प्रेशर तपासलं होतं, पण प्राण्यांना आधीच क्युरारे दिलेलं, त्यामुळे लुळेपणा दिसणार कुठून! तो गुण बोव्हेने 1949 मध्ये दाखवला. ॲट्राक्युरियम हा रिलॅक्सन्ट नंतरचा, ग्लासगोच्या स्टेनलेकचा, 1980 च्या दशकात वापरात आला. 1851 पासून माहीत असलेली हॉफमनची रिॲक्शन, म्हणजे क्वाटर्नरी नायट्रोजनचा चौथा हात सुटण्याची, वापरून तो शरीराच्या तापमानाला आपोआप तुटतो, किडनी खराब असली तरी फारसं अडत नाही.

आपल्याकडेही काम झालंय. चंदीगडला पंजाब विद्यापीठात हरकिशन सिंग यांनी स्टेरॉइडवर दोन क्वाटर्नरी नायट्रोजन बसवून चँडोनियम बनवलं, नाव चंदीगडवरूनच, पण व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियमच्या गर्दीत ते मागे पडलं. आणि त्याच्याही आधी, 1953 मध्ये, हायाटिन मिथायोडाइडवर, म्हणजे मिथाइल जोडलेल्या हायाटिनवर, पेपर आला होता. हायाटिन मिळतं पहाडवेलीतून, वैद्य जिला पाठा म्हणतात, आपल्या सह्याद्रीतही असते, आणि कूळ परत गुळवेलीचंच. तिच्यातल्या अल्कलॉइडला (वनस्पतीतल्या नायट्रोजनवाल्या रसायनाला) मिथाइल जोडलं आणि क्युरारेसारखं औषध मिळालं, एडिंबऱ्याच्या त्या दोघांनी त्याच्या 85 वर्षं आधी कुचल्यासोबत केलं होतं तेच.